ट्रायफोल्ड बोर्डवरची दिवाळी

मागच्या नोव्हेंबरमधली एक दुपार. ओंटारिओतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत, ग्रेड टूच्या वर्गात, मी पाहुणी म्हणून उभी होते. मैत्रिणीची मीटिंग टळत नव्हती आणि तिच्या मुलीच्या 'ट्रॅडिशन्स प्रोजेक्ट'चं प्रदर्शन नेमकं त्याच वेळी होतं. म्हणून ऑफिसात सही करून, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड अडकवून, तिच्याऐवजी मी गेले. टेबलांवर ओळीने तीन घड्यांचे पांढरे बोर्ड उभे केलेले. एकावर हनुका, एकावर लूनार न्यू इयर, दोनांवर ईद, तीनांवर थँक्सगिव्हिंग आणि आमच्या बोर्डवर दिवाळी. प्रत्येक बोर्डशेजारी एक एक मूल, हात मागे बांधून.

आमचा बोर्ड छान झाला होता. मला ते माहीत होतं, कारण आदल्या रात्री अकरा वाजेपर्यंत त्यातली निम्मी कापाकापी मीच केली होती. मध्यभागी वळणदार अक्षरांत 'फेस्टिव्हल ऑफ लाइट्स'. डावीकडे अयोध्येला परतणारे राम-सीता, उजवीकडे लाडू, पणती आणि भारताचा नकाशा. सगळी चित्रं प्रिंटरमधून आलेली. वर्गातला एक मुलगा फिरत फिरत आमच्याकडे आला, बोर्ड नीट पाहिला आणि त्याने विचारलं, हे सगळं तुम्ही घरी करता का? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही, ते इंडियात करतात."

टीचर जवळच उभ्या होत्या. त्यांनी हसून 'गुड जॉब' म्हटलं आणि पुढच्या बोर्डकडे गेल्या.

आता, या मुलीच्या घरी दिवाळी होते. चांगली साग्रसंगीत होते. नरक चतुर्दशीला बहुतेक वेळा शाळा असते, म्हणून पहाटे साडेपाचला घरातलं हीटिंग वाढवून, उटणं लावून तिची आंघोळ उरकली जाते. त्या दिवशी कारीट फोडायचं असतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: कारीट म्हणजे अंड्यापेक्षा लहान, हिरवं, कडूजहर रानफळ, नरकासुर समजून ते डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडतात. ते इथे कुठून मिळणार? म्हणून माझी मैत्रीण ग्रोसरी स्टोअरमधून सगळ्यात छोटी काकडी शोधून आणते. काकडी अंगठ्याला दाद देत नाही. मुलगी शेवटी टाचेने उडी मारते आणि सगळीकडे बिया उडतात. हे तिचं दिवाळीतलं सगळ्यात आवडतं काम आहे, मला तिनेच तीनदा सांगितलंय.

बोर्ड करताना मी म्हटलं होतं, काकडीचं चित्र लावू या का? मैत्रीण म्हणाली, "नको गं, टीचरला काय कळणार ते. आणि ते काही खरं नव्हे, आपण आपलं भागवतो."

मला या लेखात त्या 'भागवतो'बद्दल बोलायचं आहे. पॉडकास्टवर शाळेतल्या उपक्रमांचा विषय निघाला होता तेव्हा हे बोलायचं घाईत राहून गेलं.

ओंटारिओच्या सामाजिक शास्त्राच्या अभ्यासक्रमात ग्रेड टूच्या या घटकाचं नाव आहे 'चेंजिंग फॅमिली अँड कम्युनिटी ट्रॅडिशन्स'. पहिलाच शब्द 'बदलत्या'. आत वाचलं तर अपेक्षा अगदी स्पष्ट आहे: आपल्या घरातली एखादी परंपरा पिढ्यापिढ्यांत कशी साजरी होत आली हे मुलाने ताडून पाहावं आणि ती का बदलली याची कारणं शोधावीत. माणसं नव्या देशात आली, हवामान वेगळं, वस्तू मिळेनाशा झाल्या, घरात माणसं कमी झाली, अशी कारणं. म्हणजे कागदावर हा अभ्यासक्रम काकडीबद्दलच विचारत होता! आणि आम्ही तिघींनी, म्हणजे आई, मावशी आणि टीचर यांनी मिळून, नेमकी काकडी बाहेर ठेवली.

अशा प्रोजेक्टवरची नेहमीची टीका तुम्ही ऐकली असेल. खाणं, कपडे आणि सण एवढ्यावर संस्कृती संपवायची, एक दिवस सगळ्यांचं दर्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मूळ अभ्यासाकडे वळायचं. अमेरिकेत लुईझ डर्मन-स्पार्क्स यांनी 1989 मध्येच याला 'टूरिस्ट करिक्युलम' असं नाव दिलं होतं. कॅनडात बहुसांस्कृतिकतेचं धोरण 1971 मध्ये जाहीर झालं, तिचा कायदा 1988 मध्ये झाला, आणि शाळांमधला हा पर्यटकी कारभार त्या धोरणाचं स्वस्त रूप आहे असंही पुष्कळ लोक म्हणतात. मला ही टीका पटते, पण ती अर्धीच वाटते. तिचा रोख मजकुरावर आहे: बोर्डवर उथळ माहिती आहे, त्याऐवजी सखोल माहिती लावा. समजा आम्ही रामाऐवजी नरकासुर लावला असता, वसुबारस आणि भाऊबीज लावली असती, मराठी घरातली दिवाळी उत्तरेतल्या दिवाळीहून वेगळी कशी हे समजावलं असतं. बोर्ड नक्कीच जास्त बरोबर झाला असता. पण त्या मुलाच्या प्रश्नाला ती वेगळं उत्तर देऊ शकली असती का? तेही तिला प्रिंटरमधूनच मिळालं असतं.

माझ्या मते दोष कामाच्या रचनेत आहे. शिक्षणात 'प्रोजेक्ट' हा शब्द रुळवला तो विल्यम किलपॅट्रिक यांनी. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये ते शिकवत आणि 1918 मधल्या 'द प्रोजेक्ट मेथड' या लेखात त्यांनी प्रोजेक्टचे चार टप्पे सांगितले: हेतू ठरवणं, आखणी करणं, काम पार पाडणं, आणि झालेल्या कामाची पारख करणं. त्यांचा आग्रह असा, की हेतू मुलाचा असला पाहिजे, मनापासूनचा. हेतू दुसऱ्याचा आणि हात मुलाचे, असं झालं की त्यांच्या लेखी तो प्रोजेक्टच नव्हे.

हे चार टप्पे आमच्या बोर्डला लावून बघा. हेतू ठरवला टीचरने, शाळेतून आलेल्या पिवळ्या कागदावर. आखणी केली आईने, मीटिंगांच्या मधल्या वेळात. काम पार पाडलं मी, मैत्रिणीने आणि प्रिंटरने. पारख केली चार पातळ्यांच्या रुब्रिकने, त्यात एक रकाना 'नीटनेटकेपणा'चा होता. मुलीकडे काय आलं? शेजारी उभं राहणं. तिने आपल्या बोर्डबद्दल बोलताना 'ते इंडियात करतात' म्हटलं यात नवल काहीच नाही. बोर्ड खरोखरच दुसऱ्यांनी केला होता.

शिवाय ओंटारिओच्या मूल्यमापनाच्या धोरणातच, 'ग्रोइंग सक्सेस' या 2010 च्या दस्तऐवजात, असं म्हटलंय की ज्यावर गुण द्यायचे ते काम, प्रोजेक्टसुद्धा, शक्य तेवढं शिक्षकाच्या देखरेखीखाली पूर्ण व्हावं. कारण दिलंय समानतेचं. ते किती रास्त आहे हे प्रदर्शनात दिसत होतं. दोन बोर्ड असे होते की त्यांच्यावर फक्त मुलांची अक्षरं होती, वाकडी, खाली उतरत गेलेली, आणि खडूने काढलेलं एकेक चित्र. त्यांच्या घरी कलर प्रिंटर नसेल, किंवा संध्याकाळची शिफ्ट असेल, किंवा ज्यांना रात्री अकरापर्यंत कात्री चालवायला बोलावता येईल अशी मावशी नसेल. त्या दोन बोर्डांपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. त्यातल्या एकावर लिहिलं होतं की आमची आजी आता नाही म्हणून आम्ही तिची पाय विकत आणतो. अभ्यासक्रमाने मागितलेलं उत्तर अख्ख्या वर्गात कदाचित तेवढ्या एकाच बोर्डवर होतं. नीटनेटकेपणाच्या रकान्यात त्याचं काय झालं असेल कोण जाणे.

टीचरला मी दोष देत नाही, म्हणजे फार देत नाही. प्राथमिक वर्गात वीस-तेवीस मुलं, त्यातली काही नुकतीच देशात आलेली, आणि रिपोर्ट कार्ड तोंडावर. घरी करून आणायचं प्रोजेक्ट हे त्या वेळी टीचरच्या मदतीला धावून येतं. भिंत भरते, पालक खूश होतात, प्रिन्सिपल फोटो काढतात. आणि आपण मराठी पालक (मी पालक नाही, पण कात्री माझ्या हातात होती) या सगळ्याला आनंदाने साथ देतो, कारण आपण याच्यातच वाढलोय. आठवा स्टेशनरीच्या दुकानातले चित्रांचे तक्ते. 'वाहतुकीची साधने', 'थोर समाजसुधारक', 'ऋतू'. दोन-चार रुपयांना एक तक्ता, चित्रं कापायची, प्रकल्पवहीत चिकटवायची, खाली नावं लिहायची. पावसाळा बाहेर धो धो पडत असायचा आणि आपण आत बसून छत्रीचं चित्र कापायचो. माझ्या वहीला चांगला शेरा मिळाला होता. कशावरची वही ते आता आठवत नाही.

पण याच बालपणात आपण एक खरा प्रोजेक्टही केलेला असतो. फक्त त्याला कुणी प्रोजेक्ट म्हटलेलं नसतं. दिवाळीतला किल्ला.

सहामाही परीक्षा संपली की दगड, विटा, माती, गोणपाट गोळा करायचं. कुणाच्या अंगणात करायचा यावरून पहिलं भांडण. गोणपाट चिखलात भिजवून दगडांवर टाकलं की डोंगर होतो, हे मोठ्या मुलांकडून लहानांकडे आलेलं ज्ञान. अळीव किंवा मोहरी पेरायची, पण दिवाळीच्या किती दिवस आधी? उशीर झाला तर डोंगर बोडका राहतो आणि लवकर पेरलं तर रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. तळ्यातलं पाणी जिरतं, मग खाली प्लास्टिक घालून बघायचं, मग प्लास्टिक दिसतं म्हणून कडेने वाळू. मावळे किल्ल्याच्या दारापेक्षा उंच, तरी चालतात, पण महाराजांना वर बसवायला जागा सपाट हवीच. आता किलपॅट्रिकचे चार टप्पे लावा. हेतू, आखणी, काम, सगळं पोरांचं. पारख करायला गल्लीतली दुसरी टोळी तयारच असते, आणि तिच्याइतकं निष्ठुर रुब्रिक कुठल्याच शाळेत नसेल.

किल्ल्याचे फार गोडवे गायचे नाहीत मला. आमच्याकडे मुलगे चिखलात आणि मुली रांगोळीत अशी वाटणी होती आणि ती कुणी ठरवली हे विचारायची सोय नव्हती. आता तयार किल्लेही विकत मिळतात, म्हणजे ट्रायफोल्ड बोर्ड तिकडेही पोचला म्हणायचा. आणखी एक खोट जास्त महत्त्वाची आहे. तळ्यातलं पाणी का जिरतं हे आम्ही अनुभवलं, पण त्याबद्दल आम्हाला कुणी दोन प्रश्न विचारले नाहीत. खऱ्या गडावर टाकी खडकात खोदतात ती का, इथपर्यंत आम्हाला नेणारं कुणी नव्हतं. मुलांवर सगळं सोडून मोठ्यांनी बाजूला व्हावं, असं मी म्हणत नाहीये. मोठ्यांचं काम वेगळं आहे, आणि ते कसं असतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण मराठीतलंच आहे.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, माँटेसरी पद्धतीत मुरून आलेल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पुढे हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, आज देशभर जो शब्द सरकारी झालाय त्या 'अंगणवाडी'चं मूळ इथलं. जरा मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली: कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग शिंपले, बिया, खडे, पानं यांच्यावर मोजणी आणि वर्गीकरण सुरू झालं. हे वाचताना आपण 'कमी खर्चात काय सुंदर केलं' म्हणून थांबतो. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. गुरं राखणारं मूल ज्या बियांची नावं जाणतं त्यांतल्या कित्येकांची नावं शिक्षिकेला माहीत नसणार. म्हणजे तिला विचारावं लागणार. तिथे मुलाकडे काहीतरी आहे आणि शिक्षिकेला ते हवं आहे, अशी उलटी देवघेव सुरू होते. मग मोजणी, वर्गीकरण, लिहिणं हे शिक्षिकेने तिच्या बाजूने आणायचं.

हेच तत्त्व थोड्या वेगळ्या भाषेत कॅनडातही मांडलं गेलंय. एडमंटनला, अल्बर्टा विद्यापीठात शिकवणाऱ्या सिल्व्हिया चार्ड यांनी इलिनॉयच्या लिलियन कॅट्झ यांच्याबरोबर 1989 मध्ये 'एंगेजिंग चिल्ड्रन्स माइंड्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या 'प्रोजेक्ट अप्रोच'मध्ये सुरुवात मुलांच्या आठवणी आणि प्रश्नांपासून होते. मग प्रत्यक्ष जाऊन बघणं, माहितगार माणसाला विचारणं. मांडणी सगळ्यात शेवटी. विषय असा निवडायचा की मुलाला तो स्वतः तपासता येईल, दूरच्या जंगलापेक्षा कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बरं. आमच्या वर्गात काय झालं बघा. पहिले दोन टप्पे गाळून थेट तिसरा, मांडणीचा. आणि मुलीच्या स्वतःच्या बाथरूमच्या दाराशी घडणारी गोष्ट सोडून बारा-तेरा हजार किलोमीटरवरचा नकाशा.

मग वर्गात काय करता आलं असतं? फार नाही. बोर्ड घरी पाठवायचाच नाही. घरी फक्त एक प्रश्न पाठवायचा: तुमच्याकडे अशी कुठली गोष्ट करतात जी आजी-आजोबांच्या लहानपणी वेगळी होत होती, आणि ती का बदलली? उत्तर कुठल्याही भाषेत आणा, चित्र आणा, फोनवर रेकॉर्ड करून आणा. बाकीचं काम वर्गात, वर्गाच्याच खडूंनी. दोन मुलांची उत्तरं सारखी निघाली तर ती शेजारी लावायची. विकत आणलेली पाय आणि काकडी शेजारी शेजारी लागली असती, आणि सात वर्षांच्या पोरांना त्यावर बोलायला पुष्कळ सुचलं असतं.

इथे तुमच्यापैकी जे शनिवार-रविवारी मराठी शाळेत शिकवतात (बरेच जण शिकवतात, मला माहीत आहे), त्यांच्याशी थोडं भांडायचंय. ओंटारिओत 1977 पासून घरच्या भाषांच्या वर्गांना शाळा बोर्डांमधून जागा मिळू लागली. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, स्वयंसेवक स्वतःच्या सुट्ट्या खर्चून त्या चालवतात. त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण मी पाहिलेल्या मराठी वर्गांतला प्रोजेक्ट त्या ग्रेड टूच्या बोर्डाचा जुळा भाऊ असतो. 'माझा आवडता सण', दहा ओळी, आईने रोमन लिपीत लिहून दिलेल्या, पाठ केलेल्या. यासाठी मराठी लागतच नाही. जी माहिती इंग्रजीत एका क्लिकवर आहे ती मराठीत पाठ करायला सांगितली, की मूल मनात हिशोब करतं आणि तो हिशोब बरोबर असतो: ही भाषा जास्तीचं ओझं आहे.

आजीच्या लहानपणी कारीट कुठून यायचं, हे मात्र इंटरनेटवर नाही. ते एकाच माणसाकडे आहे, आणि त्या माणसाला सैलसर बोलता येतं ते मराठीतच. तिथे भाषा नसेल तर माहिती मिळत नाही. मराठी का शिकायची याची आपण जी मोठमोठी उत्तरं देतो, मुळं, ओळख, वारसा, त्यातलं एकही सात वर्षांच्या मुलीला पटलेलं मी पाहिलेलं नाही. हे पटू शकतं.

प्रदर्शनानंतरच्या रविवारी मी मैत्रिणीकडे जेवायला गेले होते आणि तिच्या आईचा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल आला. मी मुद्दामच काकडीचा विषय काढला. मैत्रीण जरा ओशाळली, पण आजी खो खो हसल्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही रत्नागिरीकडे बांधावरून तोडून आणायचो. लग्न होऊन डोंबिवलीत आले तर स्टेशनबाहेर विकायला! माझी आई म्हणाली, कारिटाला पैसे? ही काय दिवाळी झाली?"

मुलगी आईच्या मांडीवर चढून बसली. तोडलेलं, विकत घेतलेलं आणि काकडी, असं तिने बोटांवर मोजलं. 'बांध' म्हणजे काय ते विचारलं. आजींनी हाताने दाखवलं, ते स्क्रीनवर काही कळलं नाही, मग त्यांनी पोळपाटावर कणकेचा बांध करून दाखवला. कारीट खाऊन बघितलंस का? बघितलं, दिवसभर तोंड कडू. मग चाळीत सगळे एकाच वेळी फोडायचे का? मराठी अडखळत होतं, मधेमधे इंग्रजी येत होतं, आजी 'काय म्हणाली गं ही?' विचारत होत्या आणि मुलगी वैतागून पुन्हा मराठीत सांगत होती. वीस मिनिटं चाललं हे.

शेवटी तिने विचारलं, डावाच अंगठा का?

आजी थांबल्या. "असंच करतात," म्हणाल्या, मग स्वतःशीच, "खरंच, का बरं?" आणि शेजारच्या काकूंना विचारून सांगते म्हणाल्या. त्यांचा फोन अजून आलेला नाही.